देवापुढचं गोखरू

मला तण ओळखता येतं. कुणी आपल्या गळ्याचा अभिमान सांगतं, कुणी हातच्या भाकरीचा, मी तणाचा सांगते. मातीतून नुकतंच वर आलेलं दोन पानांचं रोप दाखवा, त्याचं पुढं काय होणार ते मी सांगते, आणि आजवर चुकले नाही. कुणाला ही बढाई वाटली तर वाटू द्या. याच एका गोष्टीवर आमचं कुरण राहिलं, कुरणावर मेंढरं राहिली आणि मेंढरांवर घर राहिलं. ते कसं झालं ते एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून बसले आहे.

माझं माहेर वडवणीच्या बाजूचं. घराणं मेंढरं राखणारांचंच, पण माझ्या आज्यानं मेंढरं मोडून शेती धरली, म्हणून मी वाढले ती खुरप्यावर. लग्न होऊन आले ती दिंद्रुडच्या पलीकडच्या एका गावात, आणि तिथं अजून मेंढरंच होती. निजामाचं राज्य होतं. तालुक्याचा कोणी अंमलदार वर्षातून कधी घोड्यावर बसून यायचा, पाटलांच्या ओट्यावर पान खायचा आणि जायचा. कुरणाचा कारभार मात्र गावच बघायचं. मृगात थोडा पाऊस झाला की कुरण बंद व्हायचं, गवत वाढू द्यायचं, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाटील येऊन ते मोकळं करायचे. मग गावची गुरं आणि आमची मेंढरं एकदमच आत शिरायची.

सासरी पहिल्या आठवड्यात मी खुरपं मागितलं, तर घरात खुरपंच नव्हतं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या म्हणाल्या, आपल्या घरात खुरपं ठेवत नाहीत. कुरणाच्या मातीत लोखंड घालायचं नाही, देवाची आण आहे. आमचा देव कुरणातच होता, वरच्या अंगाला, लिंबाच्या झाडाखाली, शेंदूर फासलेला गुडघ्याएवढा दगड. कुदळ नाही, पहार नाही, खुंटीसुद्धा लाकडाची. मला हसू आलं. शेतकऱ्याच्या पोरीला मातीत लोखंड घालू नको म्हणणं म्हणजे काय ते तुम्हीच बघा. पण नवी नवरी होते, हसू पदरात ठेवलं.

त्या कुरणात गोखरू माजलं होतं. जमिनीवर पसरणारा सराटा वेगळा. हे छातीला लागेल एवढं वाढतं, पानं रुंद आणि खरखरीत, आणि अंगभर काटेरी बोंडं. बोंडाच्या काट्याला टोकाशी आकडा असतो. लोकरीत शिरलं की कातरल्याशिवाय निघत नाही. मोठं झाड कुठलंही जनावर खात नाही, म्हणून ते खुशाल वाढतं आणि शेजारचं गवत मारतं. पण खरं वाईट असतं ते त्याचं रोप. पहिल्या पावसात दुसरं काही हिरवं नसताना ते वर येतं, कोवळं, रसरशीत. अधाशी कोकरू ते खातं, आणि संध्याकाळपर्यंत पाय झाडत पडतं.

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या मृगात आमची तीन कोकरं अशी गेली. आत्याबाई रडल्या, आम्ही पुरलं, गावात कुणी विचारलं नाही. पण त्याच आठवड्यात पाटलांची कालवड गेली. देवणी जातीची होती, पाटलांनी स्वतः ताक पाजून वाढवलेली. मग मात्र गाव जागं झालं. चावडीवर माणसं जमली आणि सगळ्यांनी एका तोंडानं सांगितलं की हे गोखरू मेंढक्यांनी आणलं, यांची मेंढरं कुरणातून काढा. आमचे सासरे, मी त्यांना मामा म्हणायची, ते उभे राहिले आणि म्हणाले की गोखरू वाऱ्यानं येतं, पाण्यानं येतं, माझ्या मेंढरांचा काही संबंध नाही. वाद वाढला. शेवटी पाटलांनी तोडगा काढला. सोमवारी सगळ्या गावासमोर मामांनी आपल्या देवाचा भंडारा, म्हणजे देवाची हळद, हातात उचलायची आणि हेच बोलायचं. उचलला तर मेंढरं राहतील, नाही उचलला तर शिवाराबाहेर.

मामा अगदी निश्चिंत घरी आले. खोटं बोलणारा माणूसच नव्हता तो. आमच्यात भंडारा हातात घेऊन खोटं बोललं तर खांड बुडतं, म्हणजे सगळा कळप जातो, अशी समजूत. मामांना भीती कसली? ते जे मानत होते तेच बोलणार होते. घरात सगळे खूश. शिवाराबाहेर जायचं म्हणजे मेंढरं विकायची, आणि ती वेळ आता टळली असंच सगळ्यांना वाटलं.

मी सोडून. कारण मला आदल्याच आठवड्यात एक गोष्ट दिसली होती आणि ती मला गिळता येत नव्हती.

मी वरच्या टेकाडावरून भाकरी घेऊन चालले होते. तिथून सगळं कुरण खाली दिसतं. गोखऱ्याची रोपं गवतापेक्षा काळपट हिरवी असतात, आणि त्या दिवशी ऊन तिरपं होतं. बघते तर तो काळपट हिरवा पट्टा खाली ओढ्याकडं रुंद, वर वर अरुंद होत गेलेला, आणि त्याचं टोक थेट लिंबाच्या झाडाखाली. देवापाशी. मी खाली उतरले, देवापुढं गेले. तिथं जुन्या लोकरीचा थर साचलेला असायचा. आमच्याकडं रीत होती, दिवाळीनंतर मेंढरं कातरायला काढली की प्रत्येक मेंढराची पहिली कात देवापुढं ठेवायची. ती लोकर कुणी उचलायची नाही. आणि पहिली कात कुठली? पोटाखालची. बोंडं अडकतात कुठं? पोटाखाली. खांड दर साल गंगथडीला जायचं, तिथले शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घ्यायचे, आणि गोदेच्या काठी गोखऱ्याचं रानच्या रान. तिथली बोंडं पोटाला लावून मेंढरं परत यायची आणि आम्ही ती भक्तिभावानं आणून देवापुढं पेरायचो. पाऊस आला की उतारानं खाली. मी लोकर बाजूला केली. आत रोपं उभी होती, दाट, नुसती गर्दी.

आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाल्या, हे परत बोलू नको, देवावर आळ घेतेस?

सोमवार उजाडला. मामांनी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले, पागोटं बांधलं. माझे घरधनी त्यांच्याबरोबर जायला निघाले. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही असा तो काळ, आणि मी तर गरज पडली तरी भिंतीकडं तोंड करून बोलायची. पण त्या दिवशी मी दारात आडवी उभी राहिले.

"मामा, भंडारा उचलू नका," मी म्हणाले. "आपल्याच मेंढरांनी आनलंय. चला, दावते."

घरधन्यांनी माझा दंड धरला. मामांनी त्यांना हातानंच थांबवलं. माझ्याकडं बघितलं नाही, पण चावडीची वाट सोडून कुरणाच्या वाटेला लागले. मी मागून. देवापाशी मी लोकर उचलून दाखवली, मग खालचा पट्टा दाखवला. मामा उकिडवे बसले. एक रोप उपटलं, त्याच्या मुळाला अजून जुनं बोंड चिकटलेलं होतं आणि बोंडाला लोकर. ते त्यांनी तळहातावर घेऊन किती वेळ बघितलं. मग उठले आणि तसेच चावडीवर गेले.

बायका चावडीत जात नसत. मी मागच्या भिंतीशी उभी होते. भंडाऱ्याचं ताट पुढं आलं तेव्हा मामांनी ते हातानं मागं सारलं.

"माझ्याच मेंढरांनी आनलं," ते म्हणाले. "मला ठाव नव्हतं, आज कळलं. पेरलं आमी, तर उपटनार बी आमीच."

भांडायला आलेल्या माणसाला समोरचा कबूलच झाला की काय करावं ते कळत नाही. शेवटी पाटलांनी दसऱ्यापर्यंतची मुदत दिली. दसऱ्याला कुरणात गोखऱ्याचं एक झाड दिसलं तरी मेंढरं त्याच दिवशी शिवाराबाहेर.

मग सुरू झालं माझं राज्य. धाकटे दीर मेंढरं घेऊन बालाघाटाच्या उताराकडं गेले आणि बाकीचं घर कुरणात उतरलं. लोखंड चालत नव्हतं, म्हणजे हातानंच. मला ते बरंच झालं, कारण ओल्या मातीत हातानं उपटलं की मूळ सगळं येतं आणि खुरप्यानं निम्मं तुटतं. पण या माणसांना उपटायची सवय कुठं होती? घरधनी वरचा शेंडा धरून ओढायचे आणि झाड कमरेत तुटायचं. मी म्हटलं, काठी धरून धरून तुमचे हात लाकडाचे झालेत, जरा खाली वाका, बुडाशी धरा. त्यांना राग यायचा. आत्याबाई म्हणायच्या, आमची सून मास्तरीण आहे, आता छडी तेवढी आणायची बाकी आहे. पण वाकायच्या, आणि सगळ्यांत जास्त त्याच उपटायच्या. वाटेनं जाणारी माणसं थांबून टिंगल करायची, मेंढके खुरपायला लागले, उद्या मेंढरं औत ओढतील. मी पदर खोचून एकदा विचारलं की हसायला फुरसत आहे तर दोन झाडं उपटायलाही असेलच की. मग वाट बदलून जायला लागले.

तळहाताची सालं निघाली. पानांची खाज रात्रभर जायची नाही. पण मी सांगते, त्या पावसाळ्याएवढी मी कधीच जगले नाही. मला येणारी गोष्ट त्या घरात कुणालाच येत नव्हती, आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते.

मामांना मात्र दुसरं येत होतं, ते मला येत नव्हतं. एक दिवस ते मला पवन्या गवताच्या दाट पट्ट्यात घेऊन गेले आणि विचारलं, इथं किती झाडं सापडली? एकही नाही. पलीकडं जिथं मेंढरं दुपारी बसायची तिथं जमीन खुरांनी उघडी झालेली, तिथंच सगळं गोखरू. गवताला जागा राहू दिली असती तर त्याला पाय ठेवायला मिळालं नसतं, असं ते स्वतःवरच चिडून म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उघड्या जागेभोवती बाभळीच्या फांद्या ओढून आणल्या, पवन्याचं आणि मारवेलाचं पिकलं बी आणून आत फुंकरीनं उधळलं. मला वाटायचं तण उपटलं की काम झालं. कुरणात तसं नसतं, हे मला त्यांनी शिकवलं.

श्रावणात दुसरा फेरा चालू असताना माझ्या हाती ती गोष्ट आली. झाडाच्या मुळाला चिकटलेलं जुनं बोंड मी सहज दगडावर फोडलं. आत दोन घरं. एक रिकामं, त्यातलंच बी उगवून हे झाड झालेलं. दुसऱ्यात बी तसंच, टणक, आतून पांढरं. दुसरं बोंड फोडलं, तिसरं फोडलं. सगळ्यांत तेच. एक उठलेलं, एक झोपलेलं. उपटताना झटकलेली अशी बोंडं आम्ही तिथंच मातीत सोडली होती. म्हणजे आपण यंदा कितीही उपटलं तरी पुढल्या मृगात ते परत येणार होतं, तेवढंच.

हे मी मामांना दसऱ्याच्या संध्याकाळी सांगितलं. इतके दिवस का नाही सांगितलं? कारण सगळे इतके दमले होते की माझी हिंमत झाली नाही. मामा भडकले. त्यांचा राग मी तेव्हाच पहिल्यांदा बघितला. उद्या पाटील बघणार, कुरण स्वच्छ दिसणार, विषय संपणार, आणि तू आज हे घेऊन आलीस? मग अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. मीही बोलून गेले, की तुम्ही गप्प बसलात तर मृगात गावच बघेल, आणि मग आपण उपटलं नाही असंच म्हणतील.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाटलांनी आणि चार पंचांनी कुरण पायी फिरून बघितलं. एक झाड सापडलं नाही. पाटील म्हणाले, झालं, सोडा मेंढरं. आत्याबाईंनी तर हात जोडलेसुद्धा. तेवढ्यात मामांनी कनवटीतून मूठभर जुनी बोंडं काढून पाटलांपुढं धरली आणि म्हणाले की काम निम्मंच झालं आहे, अजून एक साल लागेल. माणसं हसायला लागली. पाटील म्हणाले, सुटला होतास की, परत फासात मान कशापायी देतोस रे? मामांनी दगडावर बोंड फोडलं. पाटलांनी आपल्या हातानं दुसरं फोडलं. मग पंचांतल्या एकेकानं. हसणं थांबलं.

"ह्ये तुला कुनी सांगितलं?" पाटलांनी विचारलं.

"माझ्या सुनंनं," मामा म्हणाले. "मला येवढी अक्कल न्हाई."

मी बायकांच्या घोळक्यात होते. सगळ्या वळून माझ्याकडं बघायला लागल्या. मी खाली बघत होते, पण आतून जे वाटलं ते वाटलं. आमच्या घराण्यात बाईचं नाव चार पुरुषांत कधी निघालं नव्हतं, आणि ते निघालं ते असं.

पाटील कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी साल दिलं, पण अट घातली. जिनं सांगितलं तिनंच पुढल्या दसऱ्याला कुरण फिरून बघायचं आणि गावासमोर तिनंच तोंडानं सांगायचं की स्वच्छ आहे. ती सांगेल तेव्हा कुरण मोकळं होईल. आणि तिचं खोटं ठरलं तर मेंढरं आणि माणसं दोन्ही शिवाराबाहेर. म्हणजे सगळा भार माझ्या डोक्यावर. आत्याबाई माझ्या पुढून तरातरा घरी निघून गेल्या.

पण दिवाळीनंतर कातरणीला त्याच पुढं झाल्या. पहिली कात त्यांनी मांडीवर घेतली, एकेक बोंड बोटांनी सोडवून चुलीत टाकलं, आणि मग ती निर्मळ लोकर देवापुढं ठेवली. म्हणाल्या, इतकी वर्षं देवाला काटेच वाहिले की गं आपण. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मृग आला आणि रोपं आली. मी सांगितल्याबरहुकूम, जुन्याच जागी. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, आनंद झाला. माझं बरोबर निघालं होतं. यंदा घरधनीसुद्धा बुडाशी धरून उपटत होते, मला शिकवायचं काही राहिलं नव्हतं. बाभळीच्या कुंपणातल्या उघड्या जमिनीवर पवना आला, विरळ, पण आला. मी श्रावणात फिरले, भादव्यात फिरले, घटस्थापनेनंतर रोज फिरले. स्वप्नातही खालीच बघत चालायची.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव कुरणाच्या तोंडाशी जमलं. अंमलदारही त्या दिवशी गावात होता, तो मजा बघायला घोड्यावरून आला. एका बाजूला आमची मेंढरं, दुसऱ्या बाजूला गावची गुरं, सगळ्यांत पुढं पाटलांची बैलजोडी, शिंगांना रंग लावलेली. मी एकटी आत गेले. देवापासून ओढ्यापर्यंत आणि ओढ्यापासून बांधापर्यंत, एकही तुकडा सोडला नाही. कुणी हुश्श करो नाहीतर ओरडो, मी घाई केली नाही. परत आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं.

पाटील म्हणाले, "काय गं बाई, सोडायचं का?"

मी तोंड उघडणार तोच माझी नजर खाली गेली. सवयच लागली होती ती. पाटलांच्या डाव्या बैलाच्या शेपटीच्या गोंड्यात काळपट काहीतरी गुंतलेलं. मी जवळ गेले. बोंडं. त्यांच्या सिंदफणा नदीकाठच्या मळ्यातली, वाळलेली, पक्की, एक नाही, गोंडाभर. उजव्याच्या शेपटीलाही तसंच.

मागून मामांनी खाकरल्यासारखं केलं. गप्प बस, असं त्यांना म्हणायचं होतं की काय कोण जाणे, मी कधी विचारलं नाही. घरधनी दोन पावलं पुढं आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले.

मी एक बोंड तोडून पाटलांच्या हातावर ठेवलं.

"कुरण स्वच्छ हाय," मी म्हणाले. "पर ह्ये बैल आत जायचे न्हाईत."

कुणी हसलं नाही. अंमलदार घोड्यावरून वाकून बघत होता. पाटलांनी ते बोंड बघितलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा बोंडाकडं. त्यांनी गड्याला हाक मारली नाही. अंगरख्याच्या बाह्या वर सारल्या, बैलाच्या मागं धुळीत उकिडवे बसले आणि शेपटी हातात घेऊन एकेक बोंड सोडवायला लागले. सगळं गाव, सगळी गुरं, आमची सगळी मेंढरं उभी होती. दोन्ही शेपट्या मी बोटांनी चाचपून बघितल्या, आणि मगच म्हणाले, आता सोडा.